तलावकाठच्या तंबूचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी

इंदूरहून खंडवा रोडने सिमरोलचा घाट उतरून, बडवाहनंतर मोरटक्क्याचा पूल ओलांडून पुनासा-मूंदीच्या बाजूला गेले की इंदिरा सागर धरणाचे अफाट पाणी लागते. त्याच्या काठी हनुवंतिया येथे मध्य प्रदेश पर्यटनाचे केंद्र आहे, २०१६ पासून तेथे जल महोत्सव भरू लागला आणि हे नाव आपल्याकडच्या घराघरांत पोहोचले. आमची फसवणूक याच नावाच्या आडून झाली. शासकीय केंद्राशी काडीचाही संबंध नसलेल्या आणि त्याच जलाशयाच्या भलत्याच फाट्यावर असलेल्या एका खासगी कॅम्पने आपल्या जाहिरातीत हनुवंतियाचे नाव इतके ठळक छापले होते की खाली बारीक अक्षरांत दिलेल्या गावाच्या नावाकडे कोणाचे लक्षच जाऊ नये.

जाहिरातीतले छायाचित्र मात्र खोटे नव्हते, आणि खरी मेख तिथेच आहे. तंबूच्या पायरीपासून चार पावलांवर निळे पाणी, बांधलेली नाव, मागे हिरव्या टेकड्या, हे सारे तिथलेच होते, फक्त ते पावसाळा सरतानाचे होते आणि आम्हांला विकले गेले मे महिन्यासाठी. नैसर्गिक तळ्याचा काठ उन्हाळ्यात थोडाफार मागे सरतो, पण धरणाच्या जलाशयाचा हिशेब वेगळा असतो. इंदिरा सागरची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर आहे आणि वीज व सिंचनासाठी पाणी सोडत सोडत ती २४३ मीटरच्या आसपास उतरू देता येते. उभ्या मोजमापात हे सुमारे १९ मीटर होतात, पण बुडीत क्षेत्रातली जमीन जिथे सपाट आहे तिथे एवढ्या उताराने पाणी आडवे किती लांब जात असेल याची कल्पना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय येत नाही. कॅम्प चालवणाऱ्याला ती दरवर्षी येते, आणि म्हणूनच या प्रकाराला मी गैरसमज न म्हणता फसवणूक म्हणतो.

आमच्या घरच्यांना हे ठिकाण पसंत पडले त्याला कारणे होती. आत्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत असे कॅम्पवाल्यांनी लिहिले होते ते महत्त्वाचे वाटले. नाशिकहून भाऊजी आपली कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन येणार होते, आणि तिच्यासाठी वीजजोडणी, पाणी भरण्याची व सांडपाणी सोडण्याची सोय आहे असे फोनवर तीन-तीनदा सांगण्यात आले. निम्म्या रकमेवर आरक्षण झाले, पण निघण्याच्या आदल्या दिवशी उरलेली रक्कम आत्ताच भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असा तगादा सुरू झाला. मुलांचे सामान भरून झालेले असते, पाहुणे घरी येऊन उतरलेले असतात, त्या वेळी कोणीही पैसे भरतो, आणि तगाद्याची वेळ नेमकी तीच निवडलेली असते.

तिथे पोहोचल्यावर पायऱ्या दिसल्या. त्या खरोखरच बांधलेल्या होत्या, पण शेवटच्या पायरीखाली भेगाळलेला चिखल होता, त्यात वर्षानुवर्षे पाण्याखाली राहून काळे पडलेले झाडांचे बुंधे उभे होते आणि एका बुंध्याला साखळीने बांधलेली पायडलची नाव कुशीवर पडली होती, तिच्या तळात धुळीचा थर साचलेला. पाणी दूरवर एका चकाकत्या रेघेसारखे दिसत होते. व्यवस्थापकाला विचारले तेव्हा तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "बाबूजी, डैम में पानी ऊपर-नीचे तो होता ही है।" म्हणजे हे त्याला आम्ही पैसे भरण्यापूर्वीही ठाऊक होते.

कॅराव्हॅनची कथा थोडक्यात सांगतो. वीजजोडणी म्हणजे कडुनिंबाला लटकवलेला एक लाकडी बोर्ड होता, त्यात सहा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंगचा पत्ता नाही. गाडीतला एसी लावताच जनरेटर बंद पडला आणि सगळ्या तंबूंतले पंखे थांबले. निमाडातल्या मे महिन्यात पंखा थांबणे म्हणजे काय, हे खंडवा-खरगोनकडच्यांना सांगायला नको. सांडपाण्याची सोय विचारल्यावर उताराकडे, म्हणजे जलाशयाच्याच दिशेला, बोट दाखवण्यात आले. भाऊजींनी त्यास साफ नकार दिला, ते योग्यच झाले. अशा गाड्या घेऊन जाणाऱ्यांनी सोळा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग, सांडपाण्याचा खड्डा आणि गाडी वळवण्याची जागा या चौघांची छायाचित्रे आधी मागवावीत, कारण "सगळी सोय आहे" या वाक्यात यांपैकी काहीही येत नाही.

परतल्यावर पावती नीट पाहिली. पैसे कॅम्पच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यात गेले होते. पावतीवरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता, तर मध्य प्रदेशातील नोंदणीचे पहिले दोन अंक २३ असतात, २७ महाराष्ट्राचे. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की धारकाचे नाव विनामूल्य दिसते. तिथे निघाले ते नाव भलत्याच व्यवसायाचे होते.

परतावा मागितल्यावर काही दिवसांनी दुसऱ्या क्रमांकावरून फोन आला, की पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो, त्यामुळे हा डाव फसला. ज्यांचे पैसे अशा डावात गेले असतील त्यांनी तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. जितका उशीर होतो तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते.

जागा खरी आहे की नाही एवढेच न पाहता ती ज्या महिन्यात जायचे त्या महिन्यात कशी असते हे पाहावे लागते. गूगल नकाशावरच्या अभिप्रायांत लोकांनी टाकलेली छायाचित्रे तारखेसह असतात, त्यांतली एप्रिल-मेची वेगळी काढावीत. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात आणि त्यांत पाणी कुठपर्यंत ओसरते ते स्पष्ट दिसते. आणि पैसे पाठवण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर पायरीवरून पाणी दाखवायला सांगावे. "नेटवर्क नाही" असे उत्तर आले, तर त्याच माणसाचा तगाद्याचा फोन कसा लागतो हे विचारावे.

तक्रारीसाठी खंडव्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. आम्ही इंदूरच्या आयोगाकडे अर्ज करत आहोत. एकाच प्रकारे नाडल्या गेलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि त्या रात्री पंखे थांबल्यावर बाहेर येऊन बसलेली देवास व खरगोनची कुटुंबे आमच्याबरोबर यायला तयार आहेत. ज्यांच्याकडे २७ ने सुरू होणारी तशीच पावती असेल त्यांनी ती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. प्रसंगापासून दोन वर्षांपर्यंत तक्रार दाखल करता येते.