गंज थांबवणारा लॅनोलिन स्प्रे, दोन हिवाळे वापरल्यानंतर

मुद्दाम दोन हिवाळे थांबून लिहितोय, कारण गंजाच्या स्प्रेबद्दल आठवड्याभरात काय कळणार. आधीच्या गाडीला ते काळं रबरी कोटिंग मारून घेतलं होतं, दिसायला एकदम झकास, आणि तीन वर्षांनी मेकॅनिकने खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पत्र्यातून आरपार! कोटिंगला बारीकशी चीर गेली, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी आत शिरलं आणि तिथेच अडकून बसलं, म्हणजे गंजावर मीच पैसे देऊन पांघरूण घातलं.

हा स्प्रे लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ असतो त्याचा. सुकून कडक होत नाही, चिकटच राहतो, सांध्यांत झिरपतो. चेसिस, ब्रेकचे पाइप, दारांच्या खालची पोकळी सगळीकडे मारला, डिस्क आणि सायलेन्सर नीट झाकून. परवा खाली घुसून बघितलं तर चेसिस, पाइप स्वच्छ, पण पुढच्या चाकांमागे उडणाऱ्या पाण्याने धुऊन गेलाय आणि पत्रा तांबूस दिसायला लागलाय, तिथे दरवर्षी मारावाच लागणार. आणि वास! पहिले काही दिवस गाडीखाली ओली मेंढी बांधल्यासारखं वाटतं.

हायवेवाले आता बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी फवारतात. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही म्हणून मग मॅग्नेशियम नाहीतर कॅल्शियम क्लोराइड, आणि ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे रस्ता कोरडा दिसला तरी गाडीखालचा थर ओलाच. बरं, त्यांना शिव्या तरी काय देणार, घसरून मरण्यापेक्षा गंज परवडला, शिवाय तेच मीठ त्यांच्याच पुलांच्या सळया खातं, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून काँक्रीट आतून फुटतं. फक्त मिठाचा खर्च मोजताना पुलाच्या दुरुस्तीचा आकडा कुणी शेजारी मांडत असेल असं मला तरी वाटत नाही.

हो, आणि मीठ लागलेली गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवू नका, उबेत गंज जोरात चढतो, त्यापेक्षा बाहेर गारठलेली बरी.

५ पैकी ४. मारायच्या आधी गाडी खालून धुऊन पूर्ण सुकू द्या, मी मागच्या बंपरजवळ घाईत ओल्यावरच मारला, तिथला सगळा निघून आला.