हायड्रोजनवर चालणारी गाडी, सायन्स किट : घ्यावी का?
भाच्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं म्हणून नागपूरच्या सीताबर्डीतून ही किट घेतली. दोन हजाराच्या वर गेली बाप्पा, अन् डबा एवढा मोठा पण आत सोलर पॅनल, दोन नळ्या, वायरी, बारीकशी गाडी आणि तो फ्युएल सेल, बस. पैसे त्या सेलचेच आहेत.

पण चालते झकास. गच्चीवर उन्हात ठेवली की पॅनलच्या विजेनं सेलमध्ये पाणी फुटतं, एका नळीत हायड्रोजन दुसरीत ऑक्सिजन, बरोब्बर दुप्पट-एकपट. पुस्तकातलं एच टू ओ समोर जमा होऊन राहिलं म्हटल्यावर पोरगं तिथून हललंच नाही. मग वायर मोटरला जोडायची, तोच सेल उलटा चालतो, गॅसचं परत पाणी होताना वीज निघते अन् गाडी पळते. धूर नाही काही नाही.

पाणी मात्र डिस्टिल्डच टाका, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी आतला पडदा जातो. लाल-काळी वायर उलटी लावली तरी सेल गेलाच समजा, आणि हे माहितीपत्रकात इतक्या बारीक इंग्रजीत छापलंय की भिंग घेऊन बसा.

खरी गंमत म्हणजे उन्हात बराच वेळ गॅस भरा तेव्हा गाडी दोन-चार मिनिटं पळते. 2022 मध्ये गडकरी साहेब टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले तेव्हापासून इकडं कित्येकांना वाटते आता गाड्या पाण्यावर चालणार. काहून चालतील? 1 किलो हायड्रोजन काढायला 50-55 युनिट वीज जाते, त्यात ऊर्जा 33 युनिट, अन् गाडीतल्या सेलमधून परत वीज मिळते साधारण निम्मी-साठ टक्के, म्हणजे 17 ते 20 युनिट. आणि हायड्रोजन काढायची वीज कोराडीच्या वीज केंद्रातल्या कोळशाची असली तर तो ग्रीन, म्हणजे सौर-पवन विजेवर काढलेला, कसला. स्कूटरसाठी सरळ बॅटरीच चार्ज करा ना भाऊ, हायड्रोजन खत, स्टील असल्या कामाला ठेवा जिथं बॅटरी पुरत नाही. सरकारनं 2023 मध्ये, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन ग्रीन हायड्रोजनचं टार्गेट ठेवलं, ते मुख्य तिथंच लागणार.

आठवी-नववीच्या पोराला बिनधास्त घ्या, त्याहून लहानाला नको, नळ्या पटकन निसटतात. जास्तीची नळी दुकानातच मागून घ्या, मागितली तर देतात.