ब्रशवरचा ध्रुवीय प्रकाश आणि माझे ४,७९६ रुपये

माझी लेक नऊ वर्षांची. केस कुरळे, दाट, पार कमरेपर्यंत. न्हाऊन झाल्यावर गुंता सोडवायला बसलं की रडारड ठरलेली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात शेजारच्या काकू तिथूनच हाक मारायच्या, "अगं, हळू ओढ गं पोरीचे केस!" म्हणून मोबाईलवर 'केस न ओढणारा ब्रश' अशी जाहिरात दिसली तेव्हा मी लगेच उघडली.

तीन ब्रशांचा संच होता. पाठीवर निसर्गातल्या नवलांची चित्रं: ध्रुवीय प्रकाश, ग्रँड कॅन्यनचे रंगीत थर, समुद्रातली प्रवाळं. खाली माहितीही होती. ध्रुवीय प्रकाशातला हिरवा रंग १०० किलोमीटरच्या वर, हवेतल्या ऑक्सिजनमुळे दिसतो. ग्रँड कॅन्यन कोलोरॅडो नदीने कोरली. लेकीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ओला केस जास्त ताणतो आणि पटकन तुटतो, म्हणून दाते लवचीक आणि लांब-आखूड हवेत, हेही लिहिलं होतं. यातलं काहीच खोटं नाही. इतकं खरं लिहिणारा माणूस खोटा माल देईल, हे माझ्या मनातच आलं नाही. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा नंबर, माल कुठल्या देशातला, यातलं मात्र काही नव्हतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे हे सगळं दाखवावंच लागतं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

ऑनलाइन पैसे भरले तर शंभर रुपये कमी, म्हणून १,१९९ आधीच भरले.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. तिनाऐवजी एकच ब्रश. पाठीवर छपाई नव्हती, चिकटवलेला कागद होता. पहिल्याच दिवशी ओल्या हाताने धरला तर हिरवा प्रकाश कडेने सुटून माझ्या अंगठ्याला चिकटला. दाते कडक, टोकांना चिकटवलेले बारीक गोळे. त्यातले दोन-तीन गळून पडले आणि उघड्या टोकाने लेकीच्या डोक्यावर कानामागे लाल ओरखडा उठला. मंगळ बाजारातल्या एका दुकानदाराला दाखवला, तर तो म्हणाला, "बेन, आ तो होलसेलमां चालीस रूपियानो माल छे."

इथवर नुकसान १,१९९ चंच होतं. पुढची चूक जास्त महागात पडली. पार्सलवरच्या 'कस्टमर केअर' नंबरवर मी फोन केला. बोलणारा फार आदबीने, ताई-ताई करत बोलला. परताव्यासाठी क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, म्हणाला. मी टाकला आणि आणखी १,१९९ गेले. "सर्व्हर अडकला ताई, आता दोन्ही मिळून २,३९८ चा कोड पाठवतो." घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. मी पुन्हा पिन टाकला. तेही गेले.

बायांनो, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

संध्याकाळी हे कामावरून आल्यावर त्यांनी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तिथे पहिला प्रश्न होता, किती वेळ झाला? चार तास झाले होते. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी कळवलं तर अडवता येतात, म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी हा फोन करा, रडणं नंतर. मालाची तक्रार १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला केली. ब्रश, पार्सलचं वेष्टन, व्यवहाराचे क्रमांक, सगळं एका पिशवीत घालून ठेवलंय. मालासाठी भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तेव्हा तिथेही जाणार आहे.

पैसे अजून आलेले नाहीत. लेकीचे केस मी आता थोडं तेल लावून, रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवते. वेळ लागतो, पण ती रडत नाही.