डायव्हिंगच्या हवेच्या बोटीला १५ एचपी फोर-स्ट्रोक: आठ महिन्यांचा अनुभव

दोघे डायव्हर पाण्यावर आले होते, बोटीपासून दीडशे-दोनशे मीटरवर, आणि प्रवाह त्यांना आणखी लांब नेत होता. मी दोरी ओढली. मोटर फुरफुरली आणि बसली. पुन्हा ओढली, चोक देऊन ओढली, चोक काढून ओढली. चौदाव्या ओढीला हात सोडला आणि वल्ही काढली. वीस मिनिटं वल्हवल्यावर त्यांच्यापर्यंत पोचले. बीसीडी, म्हणजे अंगावरचं हवेचं जॅकेट, फुगवून दोघं शांतपणे तरंगत होते, कुणाला काही झालं नाही. पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

मोटर १५ एचपीची, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, दोरीने सुरू होणारी, शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याची. बोट हवा भरून फुगवायची, ३.८ मीटरची. घेताना मी सगळा विचार एचपीचा केला आणि थोडा वजनाचा. सुरू किती सहज होते, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. डायव्हिंगच्या बोटीसाठी पहिला प्रश्न तोच असायला हवा, असं आज माझं ठाम मत आहे.

मासेमारीला जाणारा माणूस सकाळी मोटर सुरू करतो आणि परतताना बंद करतो. आपलं तसं नसतं. डायव्हर पाण्यात उतरताना मोटर बंद. ते वर आले की सुरू करून जवळ जायचं आणि शेवटचे काही मीटर पुन्हा बंद. न्यूट्रलवर भागत नाही. न्यूट्रलमध्येही काही मोटरींचा पाण्यातला पंखा हळूहळू फिरत राहतो, आणि गुडघा लागून गिअर पडायला क्षण पुरतो. पंख्याशेजारी माणसाचे पाय असताना मोटर बंदच हवी, यात तडजोड नाही. एका फेरीत माझ्या आठ-नऊ वेळा दोऱ्या ओढून होतात, त्यातल्या बहुतेक गरम मोटरीवर. गरम मोटरीला सवयीने चोक दिला की पेट्रोल जास्त होतं, प्लग ओला होतो, आणि मग कितीही ओढा.

पहिले तीन महिने माझी तक्रार वेगळीच होती. वजन. ही मोटर ५० किलोच्या आसपास आहे, आणि त्याच ताकदीची जुनी टू-स्ट्रोक ३६-३७ किलोत येते. ते १३-१४ किलो वाळूत चालताना कळतात. शिवाय फोर-स्ट्रोक आडवी ठेवायची ती खुणेच्या कुशीवरच. मी एकदा घाईत दुसऱ्या कुशीवर ठेवली, ऑइल सिलिंडरमध्ये उतरलं आणि सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठला. तेव्हा विचारलं असतं तर सगळ्यांना टू-स्ट्रोकच घ्या म्हणाले असते.

ते मत आता राहिलं नाही. मध्ये एका ओळखीच्या डायव्हरची टू-स्ट्रोक बोट दोन दिवस चालवली. मंद गतीवर तिचा निळा धूर मागून येणाऱ्या वाऱ्याबरोबर थेट बोटीत येतो, आणि श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात घालायच्या आधीच डोकं जड झालेलं असतं. वजनासाठी मी ट्रान्समला, म्हणजे मोटर बसते त्या मागच्या फळीला, चाकं लावून घेतली आणि तो विषय संपला.

ताकदीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्यातही मी मोटरीला उगाच दोष दिला. तीन डायव्हर, प्रत्येकी सामानासकट ११० किलो धरा. हाकणारी मी, पेट्रोल, मोटर. सगळं मिळून पावणेपाचशे किलो होतात. बोट नाक वर करून पाणी ढकलत राहायची, पाण्यावर चढायचीच नाही. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर आणला, तेव्हा दिसलं की पूर्ण थ्रॉटलला मोटर मिनिटाला ४,६०० फेऱ्यांवर अडकते. तिला ५,००० ते ६,००० मध्ये फिरायला हवं. दुकानातून आलेला पंखा १० इंच पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात पुढे सरकेल ते अंतर) होता, रिकाम्या बोटीसाठी ठीक. ८ इंचाचा लावल्यावर ५,३०० ला पोचली आणि तीन डायव्हरांसकट बोट वर चढली. एकट्याने जाताना वेग थोडा कमी मिळतो, मला चालतं. आणि एक गोष्ट फुकटची: किनाऱ्यावर उन्हात फुगवलेली बोट थंड पाण्यात गेली की हवा आकसते, बूड मऊ पडतं आणि वेग जातो. पाण्यात उतरवल्यावर पंपाचे चार हात मारायचे. डायव्हिंगचे हवेचे सिलिंडर पुढे ठेवायचे. एवढं केल्यावर २० एचपी घ्यायला हवी होती ही हळहळ संपली.

आता मूळ दुखण्याकडे. त्या दिवसानंतर मोटर सर्व्हिसला दिली. पहिल्यांदा त्यांनी प्लग बदलला, बिल दिलं. आठवड्यात तोच त्रास. दुसऱ्यांदा म्हणाले, पेट्रोल खराब आहे, हे वॉरंटीत बसत नाही. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं आणि पुन्हा बिल. मी विचारलं, कार्ब्युरेटर उघडून बघितला का? उत्तर आलं, गरज नाही, पूर्ण वेगात नीट चालते ना. मी प्रचंड चिडले होते, कारण खरी खूण तीच होती. पूर्ण वेगात नीट चालते, मंद गतीवर मरते आणि चोकशिवाय तग धरत नाही, म्हणजे स्लो जेट, कार्ब्युरेटरमधली मंद गतीला पेट्रोल देणारी बारीक नळी, तुंबलेला. हे मला नंतर वाचून कळलं. रोज हेच काम करणाऱ्यांना ते कळायला हवं होतं.

तिसऱ्यांदा पैसे द्यायचे नाहीत असं ठरवून कार्ब्युरेटर मीच टेबलावर उघडला. फ्लोटच्या वाटीच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, तळाला चिकट, पिवळसर थर होता, वाळलेल्या डिंकासारखा. जेट म्हणजे पितळेची इवलीशी नळी. दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून बघितलं तर आरपार काही दिसेना. तार घातली नाही. तारेने भोक मोठं होतं आणि मग मिश्रणच बिघडतं. क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी हवेचा झोत मारला आणि पुन्हा दिव्यासमोर धरला. सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला. दोन सर्व्हिसच्या बिलांनी जे झालं नाही ते तिथे झालं होतं.

चूक अर्धी माझीही होती, हे मान्य करते. दोन फेऱ्यांमध्ये तीन-तीन आठवडे जायचे आणि पेट्रोल वाटीत तसंच पडून राहायचं. ते उडून जातं, डिंक मागे राहतो. आता परत आल्यावर गोड्या पाण्याने फ्लश करते आणि वाटीच्या तळाचा स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल बाहेर काढते. टाकीची पेट्रोलची नळी काढून मोटर बंद पडेपर्यंत चालवणं पुरेसं नाही, वाटीत थोडं राहतंच. नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टरही बसवला आहे.

त्यानंतर अकरा फेऱ्या झाल्या. थंड असताना दुसऱ्या ओढीला, गरम असताना पहिल्याच ओढीला सुरू होते. विकायला काढणार होते, तो विचार सोडला.

पण नवीन घेणाऱ्याला मी कार्ब्युरेटरवाली सुचवणार नाही. पैसे वाचवायला मी इंधन इंजेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी, मोटर सोडली. ती बचत दोन बिलांत बरीचशी गेलीच, पण मुख्य म्हणजे ती चुकीच्या जागी केलेली बचत होती. इंजेक्शनला चोक नाही, म्हणजे गरम मोटर ओली करण्याचा प्रश्नच नाही. बॅटरीही लागेलच असं नाही. तोहात्सूची २० एचपीची इंजेक्शनवाली मोटर बॅटरीशिवाय दोरीने सुरू होते आणि शॉर्ट शाफ्टमध्ये ४३ किलोची आहे, माझ्या १५ एचपीपेक्षा हलकी. हे घेण्याआधी माहीत असतं तर पंख्यावर, चाकांवर आणि सर्व्हिसवर गेलेले पैसे तिकडेच घातले असते. कार्ब्युरेटरवालीच घ्यायची असेल, तर दुकानातच विचारा की स्लो जेट काढायला काय काय उघडावं लागतं. माझ्या मोटरीत कार्ब्युरेटर बाहेर काढावा लागतो, भरसमुद्रात ते शक्य नाही.

एक सवय मात्र बदलली आहे. डायव्हर खाली गेले की बोट त्यांच्या बुडबुड्यांपासून लांब नेते आणि तिथे मोटर मंद गतीवर चालूच ठेवते. नारिंगी एसएमबी, म्हणजे डायव्हर खालून सोडतात तो खुणेचा फुगा, वर दिसली की गिअर टाकून निघते, आणि जवळ पोचल्यावर बंद. किल स्विचची, म्हणजे ओढली की मोटर बंद करणारी, दोरी मनगटाला असतेच. सुटा जेट आणि गॅस्केट हत्यारांच्या डब्यात, प्लगच्या शेजारी ठेवलं आहे.