पार्किंगच्या काँक्रीटच्या भेगा भरून घेतल्या, त्याचा अनुभव (परभणी)

काळ्या जमिनीवर घर म्हटलं की भेगा पडणारच असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, पण गेटपासून पोर्चपर्यंतचं आमचं काँक्रीट इतकं चिरलं होतं की गाडी आत घेतली की कडेचे तुकडे निघायचे. आधीचा मिस्त्री सिमेंटचा घोळ ओतून जायचा आणि एक पावसाळा गेला की भेग पुन्हा तिथेच उघडायची. म्हणून यावेळी फक्त काँक्रीट रिपेअर आणि वॉटरप्रूफिंगचीच कामं घेणाऱ्या एका लोकल दादांना बोलावलं, आणि खरंच सांगते, यांचं काम मला मनापासून आवडलं.

आल्या आल्या त्यांनी पोतं उघडलं नाही, आधी गच्चीचं पाणी कुठे पडतं ते विचारलं. आमचा पाईप बरोबर काँक्रीटच्या कडेला उतरतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे तो कोपरा वर्षभर वरखाली होत राहतो आणि वरचं चार इंची काँक्रीट ते सहन करू शकत नाही, त्यात खाली मुरूम नीट दाबलेला नाही. शिवाय एवढ्या मोठ्या जागेत एकही जॉइंट (काँक्रीटमध्ये मुद्दाम कापलेली सरळ खाच) कापलेला नव्हता. चार इंच जाडीला साधारण आठ ते दहा फुटांवर जॉइंट हवा, तो निदान एक इंच खोल हवा, म्हणजे काँक्रीट आकसताना त्याच रेषेत तडकतं, नाहीतर ते स्वतःच्या मनाने कुठेही तडकतं. ओतताना पाणी जास्त घातलं (सिमेंटच्या एका पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पुरे असतं, आपल्याकडे पसरायला सोपं जावं म्हणून सर्रास जास्त ओततात) आणि नंतर नीट पाणी मारलं नाही की केसासारख्या बारीक भेगा पडतात. हल्ली बहुतेक घरकामाला पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असतं, त्याला निदान दहा दिवस ओलावा पाहिजे. हे कुणीतरी बांधतानाच सांगायला हवं ना!

बारीक भेगांत त्यांनी पॉलिमर मिसळलेली सिमेंटची पातळ पेस्ट ब्रशने घासून भरली, त्या हलत नाहीत म्हणून एवढं पुरतं. रुंद भेगांचं काम मात्र बघण्यासारखं होतं. ग्राइंडरने कडा सरळ कापल्या, ब्लोअरने धूळ काढली, प्रायमर मारला, आत फोमची दोरी दाबली आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे सुकल्यावर रबरासारखं होणारं भरण, भरलं. दोरी कशासाठी तर सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटावं, तळाला नाही, म्हणजे भेग उघडली-मिटली तरी ते रबरासारखं ताणलं जातं. सिमेंट ताणलं जात नाही, म्हणूनच आधीचं निघत होतं. ओलं असताना वरून बारीक वाळूही टाकली, चाक घसरू नये म्हणून. पाईपचं पाणी त्यांनी वेगळ्या पाईपने गटारीपर्यंत नेऊन दिलं आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम तेच झालं.

कमी काय, तर राखाडी पट्टे स्पष्ट दिसतात, जुन्या काँक्रीटशी रंग जुळत नाही. रेट रनिंग फुटावर (भेगेच्या लांबीवर) आहे आणि मिस्त्रीपेक्षा बराच जास्त, त्यामुळे मोजमाप आपल्यासमोर करून घ्या. सीलंट सुकेपर्यंत गाडी बाहेर ठेवावी लागते, दाट वस्तीत ती अडचणच आहे.

या पावसात पाणी मुरलं नाही, भरलेली एकही भेग उघडली नाही. तुळशीजवळचा एक तुकडा मात्र खचलाय, एक बाजू खाली गेलीय, तो भरायला त्यांनी सरळ नाही म्हटलं. तो फोडून खालचा मुरूम दाबून परत ओतावा लागेल म्हणाले, ते काम दिवाळीनंतर यांच्याकडूनच करून घेणार आहे. पाचपैकी साडेचार.