‘ग्रेसलँड’ची एलपी: आठ महिने वाजवल्यावर

गणपतीच्या आधी अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’ची (१९८६) एलपी घेतली. तबकडी जराशी वाकलेली निघाली. दुकानदार म्हणाला, “एवढं चालतं हो,” आणि बदलून दिली नाहीच. बाजू दोन लावली की सुरुवातीला सुई होडीसारखी डुलते. वाजतं मात्र नीट, नाहीतर भांडलो असतो. कारण ‘यू कॅन कॉल मी अल’ नेमकं तिथेच आहे.

पहिला महिनाभर मी फक्त सायमनचा आवाज ऐकला. मग कान हळूहळू खाली, दक्षिण आफ्रिकेचा बेसवादक बकिती कुमालो याच्या बेसवर उतरला आणि तिथेच राहिला. त्याच्या बेस गिटारला पडदेच नाहीत, म्हणून स्वर सरोदासारखे घसरत जातात. ‘यू कॅन कॉल मी अल’मध्ये मध्येच सगळे थांबतात आणि तो एकटा एक तुकडा वाजवतो. त्याने वाजवलाय अर्धाच. उरलेला अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवून जोडलेली! हे कळल्यावर मी तेवढंच दहा वेळा ऐकलं. घरचे वैतागले.

सायमनचा आधीचा अल्बम पडलेला. अशात दक्षिण आफ्रिकेतल्या अकॉर्डियनच्या गाण्यांची एक कॅसेट हाती आली आणि १९८५मध्ये सायमन ध्वनिमुद्रक रॉय हॅलीला घेऊन थेट जोहान्सबर्गला गेला. वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट पैसे दिले. ताल, गिटार, बेस आधी. शब्द बरेचसे नंतर बसवले. म्हणून असेल, गाणी शब्दांच्या ओझ्याने वाकत नाहीत.

पण तेव्हा वर्णभेदी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार होता. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला न विचारता हा गेला, म्हणून लंडनच्या कार्यक्रमाबाहेर निदर्शनं झाली. उलट ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा हे देशाबाहेर राहावं लागलेले दक्षिण आफ्रिकी कलावंत त्याच्याच मंचावर गायले. १९८७मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. माझं मत विचाराल तर त्याने विचारायला हवं होतं. तरी रेकॉर्ड काही कपाटात गेलेली नाही.

शेवटची दोन गाणी मला अजून लागलेली नाहीत. अमेरिकेतल्या लुइझियानाचं झायडेको हे अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत आणि लॉस एंजेलिसचा लॉस लोबोस हा बँड एकदम दुसऱ्याच गावचे वाटतात. त्याच बाजूचं ‘होमलेस’ मात्र बघा. वाद्य एकही नाही, नुसते सायमनचा आणि लेडीस्मिथ ब्लॅक मांबाझो या दक्षिण आफ्रिकी गायकवृंदाचे गळे. भजनाला टाळ धरून बसणारे माझे बाबा एकदा दारातच थांबले. गाणं संपल्यावर म्हणाले, “मागचे लोक काय धरतात रे! परत लाव.” सुई उचलून परत ठेवली. नीट बसली.