सर्व्हर लहान नव्हता, आत कोणीतरी शिरलं होतं

आमचं कोकम, आंबापोळीचं ऑनलाइन दुकान आहे, वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. ऐन एप्रिलात साइटवर ५०० एरर, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या बिघाडाचा संदेश, यायला लागला. दोनदा रिफ्रेश केलं की पान उघडायचं. कधी वर इंग्रजीत ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी ओळ दिसायची. साइट करून देणारा मुलगा म्हणाला, “ताई, गर्दी वाढलीय, सर्व्हर पुरत नाही.” मी मोठा प्लॅन घेतला, त्यालाही वेगळे पैसे दिले. आठवड्याने पुन्हा तेच.

मग पुण्याच्या एका काकूंचा फोन आला, “अगं, तुझं दुकान उघडलं की जुगाराचं काहीतरी येतंय.” मी उघडलं, तर सगळं ठीक. त्यांचाच मोबाइल बिघडला असेल असं मी त्यांना सांगितलं, याचं अजून वाईट वाटतं. त्या गूगलवर शोधून यायच्या, मी थेट पत्ता टाकायचे. गूगलवरून येणाऱ्यालाच दुसरीकडे न्यायचं, मालकाला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी ती योजना होती.

शेवटी भाच्याला बसवलं. त्या इंग्रजी ओळीतच फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक होता: डब्ल्यूपी-कॉन्फिग (वर्डप्रेसची मुख्य सेटिंग्जची फाइल), ओळ १. फाइल उघडली तर पहिली ओळ जवळजवळ कोरी. पण खालची आडवी पट्टी सरकवली तर ती सरकतच राहिली आणि पार उजव्या टोकाला ‘इव्हॅल’, ‘बेस६४’ (लपवलेला कोड उलगडून चालवायचे शब्द) आणि पुढे अक्षरांचा नुसता गुंता. फोटोंच्या अपलोड्स फोल्डरमध्येही पीएचपी फाइली, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, निघाल्या. तिथे त्यांचं काही काम नसतं. पुसल्या की मिनिटभरात परत हजर, कारण क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सर्व्हरच्या सोयीत, तसं काम लावून ठेवलं होतं. त्यात भर म्हणजे टेम्प फोल्डरमधून एक क्रिप्टो मायनर (आपल्या सर्व्हरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्राम) चालू, सगळा सीपीयू खात. मी मोठा सर्व्हर घेतला तो त्याच्या पोटात गेला.

हे आलं पेमेंटच्या प्लगिनमधून, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून. “ओरिजिनल लायसन्स आहे” म्हणून त्या मुलाने ६ हजार घेतले होते. दिली होती नल्ड, म्हणजे लायसन्स तोडलेली प्रत. लायसन्स की मागितल्यापासून तो फोन उचलत नाही.

नुसतं साफ करून भागलं नाही. नवा सर्व्हर घेतला, वर्डप्रेस आणि प्लगिनं मूळ ठिकाणाहून नव्याने टाकली, जुन्यातले फक्त फोटो आणि तपासलेला डेटाबेस आणला. त्यात डॅशबोर्डवर न दिसणारा एक अ‍ॅडमिन सापडला. सगळे पासवर्ड बदलले, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली.

तुमची साइट दुसऱ्याने करून दिली असेल तर प्रत्येक विकत प्लगिनचं बिल तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आहे का, ते आजच बघा. आणि मोबाइलवर गूगलमधून शोधून स्वतःचं दुकान एकदा उघडून पाहा.